तिसरा बॅक्स्टर

सिस्टरना कुणी "तुम्ही मूळच्या कोण?" असं विचारलं की त्या आधी विचारणाऱ्याचं तोंड नीट बघून घेत आणि मग त्याला आवडेल ती जात सांगत. पुण्याहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या एका सासूबाईंना त्यांनी देशस्थ ऋग्वेदी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तरीच. उच्चार किती स्वच्छ आहेत." साताऱ्याच्या एका निवृत्त फौजदारांना शहाण्णव कुळी सांगितलं. फौजदार म्हणाले, "तरीच. नजर बघा कशी सरळ." एकाला सोनार सांगितलं, तर तो स्वतःच सोनार निघाला. "तरीच हात हलका आहे," असं म्हणत त्याने इंजेक्शनसाठी बाही वर केली.

घरी आल्यावर त्या मला हे सगळं सांगत आणि कोपीत, म्हणजे सिंगापुरी कॉफीत, बिस्किट बुडवत. "सात जाती झाल्या माझ्या आत्तापर्यंत. एकदाही कुणी 'छे, तुम्ही तशा वाटत नाही' म्हणालं नाही. जी सांगावी ती मला शोभते."

खरं उत्तर वेगळं होतं. आपली जात सिस्टरना माहीत नव्हती. त्यांच्या वडिलांनाही माहीत नव्हती. जगात कुणालाच माहीत नव्हती, आणि हे माहीत नसणं ही त्यांची आयुष्याची मिळकत होती. सिंगापूरच्या बेडोक भागातला तीन खोल्यांचा फ्लॅट नंतरचा. ती मिळकत मी घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी स्वतःची बाजू सावरत्येय असं वाटायला नको.

सार्सच्या साथीच्या वर्षी मी सिंगापूरला आले. आंग मो किओमधल्या एका कारखान्यात सर्किटं तपासण्याचं काम होतं. सिस्टरना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण साथीत त्या आपण होऊन वॉर्डात परत गेल्या. त्यांची भाडेकरू घाबरून रातोरात दुसरीकडे राहायला गेली आणि म्हणून मला ती खोली मिळाली. फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता आणि लिफ्ट फक्त पहिल्या, पाचव्या नि नवव्या मजल्यावर थांबायची. पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन एक जिना चढून वर आले, तर दारात एक बुटकी, ताठ बाई थर्मामीटर घेऊन उभी. "आधी तोंड उघड," त्या म्हणाल्या. नाव नंतर विचारलं.

सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. भाजीबाजारातली चिनी मासेवाली म्हणायची, चर्चमधले म्हणायचे, आणि मराठी मंडळी तर म्हणायचीच. नगरकडच्या मिशनच्या दवाखान्यात शिकून त्या तरुणपणीच इथे आल्या होत्या. लग्न केलं नाही. मराठी मात्र अजून खडखडीत नगरी. सिंगापूरच्या मराठी लोकांना त्यांची गरज होती, कारण प्रत्येकाचे आईवडील आळीपाळीने येत आणि येताना एकेक दुखणं घेऊन येत. रात्रीबेरात्री डॉक्टर गाठण्यापेक्षा सिस्टरना फोन सोपा. त्या बदल्यात सिस्टरना दिवाळीच्या फराळाला बोलावणं असे. त्या कुणालाच नावाने हाक मारत नसत. वॉर्डात माणसं खाटेच्या नंबरावरून ओळखायची सवय होती आणि बाहेर दुखण्यावरून. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक वहिनी त्यांच्या लेखी कायमच्या बीपीवाल्या वहिनी होत्या. बीपी वहिनींना नव्हतं, सासूला होतं, पण सिस्टर म्हणत, "सासूचं सुनेमुळेच आहे. नाव बरोबर ठिकाणी दिलंय."

नावं विसरणारी ही बाई आडनावांच्या मागे मात्र खुळी होती. इंग्रजी आडनावांच्या.

दर मंगळवारी त्या बेडोकच्या लायब्ररीत जात. तिथे आडनावांचा एक जाडजूड कोश होता, तो घरी न्यायला देत नसत. सिस्टर किराणा दुकानातून मिळणाऱ्या चिनी कॅलेंडरची फाडलेली पानं बरोबर नेत. पातळ कागद, एका बाजूला तारखेचा मोठा लाल नाहीतर हिरवा आकडा, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर एकेक आडनाव उतरवून घेत. घरी बिस्किटांचे अकरा चौकोनी डबे अशा पानांनी भरले होते. "थॅचर, छप्पर शाकारणारा. कूपर, पिंपं करणारा. टकर, फुलर आणि वॉकर हे तिघं भाऊभाऊ, तिघंही कापड तुडवणारे." भात शिजेपर्यंत त्या मला वाचून दाखवत. त्यांच्या स्वतःच्या आडनावाचं पान वेगळ्या डब्यात, एकटं. बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी बाई. बाप्या नाही, बाई. त्या शेवटल्या 'स्टर'मध्ये बाईचं काम आहे, असं त्या सांगत. वेबस्टर विणणारी, ब्रूस्टर दारू गाळणारी. "आणि स्पिन्स्टर, सूत कातणारी, बिनलग्नाची. म्हणजे मी दोन्हीकडून बाईच."

नगरला शाळेत पोरं त्यांना 'पाववाली' म्हणून चिडवत. विहिरीत पाव टाकून बाटवलेल्यांची पोर, म्हणून. "चाळीस वर्षांनी कळलं," सिस्टर म्हणाल्या, "कार्टी शब्दशः खरं बोलत होती."

रस्त्यात, दुकानात, बँकेत जिथे कुणाच्या छातीवर नावाची पट्टी दिसेल तिथे सिस्टर थांबत. नाव इंग्रजी असेल तर त्याला त्याच्या पूर्वजांचा धंदा सांगत. चिनी किंवा मलाय असेल तर अर्थ विचारून घेत. बसचालकालाही त्यांनी सोडलं नाही. मागे रांग खोळंबलेली आणि ह्या कार्ड टेकवून उभ्या, "अंकल, हे तुमचं नाव, ह्याचा अर्थ काय?" मला लाज वाटायची. अंकल मात्र खूश व्हायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर पॉलिक्लिनिकला गेले होते. डॉक्टर तरुण इंग्रज होता आणि त्याचं आडनाव फुलर. सिस्टरनी पट्टी वाचली, दंड पुढे केला आणि बीपीचा पट्टा आवळला जात असतानाच इंग्रजीत म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचे पूर्वज लघवीच्या पिंपात उभे राहून लोकांचं कापड तुडवत असत. तुम्हाला माहीत आहे?"

मी भिंतीकडे बघू लागले. डॉक्टरने पट्ट्यातली हवा सोडली.

"लघवीच्या?" तो म्हणाला.

"शिळ्या. ताजी चालत नसे."

तो इतका हसला की बाहेरची नर्स आत डोकावली. त्याने तिला बोलावून सगळं पुन्हा सांगितलं. "आज वडिलांना फोन करतो," म्हणाला. "ते क्लबात स्वतःला फार मोठे समजतात."

परत येताना आम्ही बाजाराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, बसलो तेव्हा सिस्टर बोलल्या. "हसला. बघितलंस? पोट धरून हसला. आता असंच आपल्यातल्या कुणाला सांगून बघ. म्हण, तुझा पणजोबा मेलेली ढोरं ओढायचा. तो हसेल? आणि ऐकणारे हसले, तर ते कसे हसतील?"

"कारण त्यांच्यात फुलरच्या पोराला बेकर व्हायची बंदी नव्हती," मी म्हणाले. "ते आडनाव कामाचं होतं, जन्माचं नव्हतं. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका डब्यात भरताय."

"ते कळतं गं मला. नर्स आहे मी, गाढव नाही." त्यांनी कोपी ढवळली. "पण घाण वासाच्या माणसाला बघून नाक तिथेही मुरडत असतील ना? मग कुठल्या तरी एका दिवशी कुणीतरी फुलरला बघून शेवटचं नाक मुरडलं असेल. दुसऱ्या दिवसापासून फुलर नुसतं नाव झालं. तो दिवस मला शोधायचाय. किती पिढ्या लागल्या, तेवढंच."

त्यासाठी अकरा डबे. हे ऐकून मी हसले होते. आज हसू येत नाही.

मी कुठून आले तेही सांगायला हवं. माझे वडील इचलकरंजीत छोटा छापखाना चालवत. लग्नपत्रिकांनी पोट भरायचं आणि पत्रकांनी मन. आम्ही भावंडं फरशीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत मोठे झालो. अक्षरं मला त्या घड्यांवरच कळली. 'आडनाव म्हणजे जातीचा दाखला. आधी तो जाळा, मग समतेवर बोला.' वडिलांनी आपलं आडनाव जाहीर सभेत टाकलं, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. माझ्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, आणि पुढे काही नाही. पासपोर्टातही ती जागा मोकळी. कारखान्याच्या कचेरीतली चिनी मुलगी माझा फॉर्म उलटसुलट करून म्हणाली होती, "सरनेम नाही? हाऊ कॅन? एव्हरीबडी गॉट, लाह." मला तिचा राग आला नाही, अभिमान वाटला. आपल्या मंडळींत तर रोजच वाटायचा. "आडनाव?" "लावत नाही." "अरे वा. पण मग माहेरचं काय?" मी सांगत नसे. तरी त्यांना कळायचं. टाकलेलं आडनाव कुठलं असेल ते माझ्या आईच्या नावावरून, माझ्या बोलण्यावरून, डब्यातल्या भाजीवरून शोधून काढत, आणि शोधून झालं की निवांत होत. माझं आडनाव निवांत होण्यासारखंच होतं.

सिस्टरना मी वडिलांचं पत्रक वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "टाकायला आधी काहीतरी असावं लागतं, पोरी. तुझ्या बापानं टाकलं तेव्हा लोक म्हणाले, केवढं मन. माझ्या आजोबाचं काढून घेतलं तेव्हा कुणी काहीच म्हणालं नाही."

"मग परक्याचं नाव कशाला मिरवता? ते तर मालकाचं नाव."

"मालकाचं नाही. बाईचं." आणि त्यांनी मला बॅक्स्टरबाई सांगितली.

मोठ्या दुष्काळात त्यांचे आजोबा चार-पाच वर्षांचे असताना मिशनच्या अनाथाश्रमाच्या दारात आले. सोबत कोणी नव्हतं, आणि नाव विचारलं तर रडत. त्या काळी विलायतेतले लोक एकेका पोराचा खर्च उचलत आणि ज्याने खर्च उचलला त्याने पोराला नाव द्यायचं अशी पद्धत होती. आजोबांना उत्तर इंग्लंडातल्या एका गावच्या बॅक्स्टरबाईंनी घेतलं आणि स्वतःचंच नाव दिलं. त्यांची बेकरी होती, असं घरात सांगत. त्या दरवर्षी पत्र पाठवत. एकदा त्यांनी हाताने विणलेला स्वेटर पाठवला. तो आजोबांना गुडघ्यापर्यंत येई. "अंदाजाने मोठा विणला बिचारीने," सिस्टर म्हणाल्या. "पोर वाढेल म्हणून. आजोबा म्हणायचे, माझ्यासाठी कुणीतरी पुढचा विचार केला तो तेवढा एकदाच."

आजोबा दारात यायच्या आधीचं काहीच नाही. गाव नाही, आईबाप नाहीत, जात नाही. "दुष्काळाने सगळं खाल्लं. त्यात जात पण खाल्ली. एवढे एकच उपकार." नगरला शेजारच्या प्रत्येक ख्रिस्ती घराची आधीची जात अख्ख्या वस्तीला माहीत होती, लग्नं त्याप्रमाणेच ठरत. सिस्टरच्या घराची माहीत नव्हती, म्हणून त्यांना कुणी करून घेतलं नाही. त्याचंही त्यांना दुःख नव्हतं. "सूत कातते," म्हणत.

मी तिथे दोन वर्षं राहिल्यावर त्यांनी मला विचारलं. सत्तरी जवळ आली होती, साठवलेल्या पैशांत एकदा इंग्लंडला जायचं होतं. "तुझ्या त्या इंटरनेटवर बाई सापडते का बघ. गाव कुठलं, थडगं कुठे. फुलं ठेवून येईन." मग बोट उचलून म्हणाल्या, "फक्त वरची बाजू शोधायची. इंग्लंडची. खालची नको."

"खालची म्हणजे?"

"आजोबा त्या दारात यायच्या आधीची. तिथलं काही हाती आलं तर वाचायचं नाही. ते बंद आहे ते राहू दे."

मी हो म्हणाले. मला ते पटलं नव्हतं. माहिती दडवणं हे सत्तेचं काम, हे मी शाळेच्या आधी शिकले होते. पण हो म्हणाले.

आठ महिने मी पत्रं लिहीत होते. शेवटी त्या मिशनची जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या एका निवृत्त पाद्र्याने उत्तर दिलं. सज्जन माणूस. दोन पानांच्या प्रती पाठवल्या होत्या. पहिलं पान देणगीदारांच्या वहीचं, आणि दुसरं, त्याने लिहिलं होतं, कुटुंबाला कदाचित अधिक मोलाचं वाटेल.

दुपारच्या सुट्टीत, कारखान्यातल्या माझ्या टेबलावर, मी पहिलं पान उघडलं. बॅक्स्टर हे नाव तिथे होतं. त्याच्यापुढे तीन मुलं होती. पहिला सात वर्षांचा, तापाने गेला. नाव दुसऱ्याला दिलं. तो पटकीने गेला. नाव तिसऱ्याला दिलं. तिसरे सिस्टरचे आजोबा. बाईंना कळवलं नव्हतं. मदत थांबू नये म्हणून पत्रं त्याच एका मुलाच्या नावाने जात राहिली. स्वेटरचीही नोंद होती. त्यासाठी माप पाठवलं होतं ते पहिल्या मुलाचं.

मग मी दुसरं पान उघडलं. चुकून नाही. उघडलं आणि वाचलं, कारण न वाचणं मला भेकडपणाचं वाटलं. आजोबांचं आधीचं नाव होतं. गाव होतं. जात होती.

ती वाचल्यावर माझ्या मनात जो पहिला शब्द आला तो मी इथे लिहिणार आहे. मी मनात म्हणाले, तरीच.

तरीच त्या उरलेल्या भाकरीचा तुकडा टाकत नाहीत. तरीच अशा उकिडव्या बसतात. तरीच तो हट्ट, ते चिवट बोलणं, ते कुणाच्याही तोंडावर बोलणं. ज्या सवयी मी दोन वर्षं सिस्टरच्या म्हणून ओळखत होते त्या एका क्षणात उठून त्या एका शब्दाखाली जाऊन बसल्या. सिस्टर उरल्याच नाहीत. मी पुन्हा डोळे मिटून त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर त्या शब्दासकट आठवला. पत्रकांच्या हजारो घड्या मी घातल्या होत्या.

त्या पानाच्या शेवटी शेऱ्याच्या जागी दोन ओळी होत्या. पावसाळ्यानंतर आई दोनदा येऊन गेली. मुलगा जुन्या नावाला ओ देत नाही, सबब परत पाठवली.

आई होती. अनाथ नव्हते आजोबा. पाऊस पडल्यावर, पुन्हा उभं राहता आल्यावर, ती पायी चालत आली असणार. एकदा येऊन परत गेली आणि पुन्हा आली. तिने अंगणात उभं राहून जुन्या नावाने हाक मारली असणार, आणि गुडघ्यापर्यंत आलेला स्वेटर घातलेल्या पोराने मान वळवली नसणार.

घरी आले तेव्हा सिस्टर कोथिंबीर निवडत होत्या. मी पहिलं पान दिलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग कोथिंबिरीच्या काड्या एकत्र करून कागदात गुंडाळल्या.

"म्हणजे नाव नव्हतं ते," त्या म्हणाल्या. "खाट होती. एक गेला की चादर बदलायची आणि पुढच्याला घ्यायचं. नंबर तोच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी पण असंच केलं की आयुष्यभर. बारा नंबरला सलाईन लावा. बारा नंबर गेला. बारा नंबरला जेवण द्या."

काड्यांची ती गुंडाळी मी उचलून कचऱ्यात टाकली.

"दुसरं काही आलं?"

मी नाही म्हणू शकले असते. "आलं," म्हणाले.

"वाचलंस?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. रोग्याच्या डोळ्याची पापणी ओढून बघावं, तसं. ज्या बाईने आयुष्यात सात वेळा खोटी जात सांगून समोरचं तोंड कसं बदलतं ते बघितलं होतं, तिला माझं तोंड वाचायला किती वेळ लागणार?

"तरीच म्हणालीस ना मनात?"

मी खाली बघितलं.

"असू दे. सगळ्यांना होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणं मला येतं. "तुला नाही होणार, असं वाटलं होतं."

मी तो कागद फाडते म्हणाले. तिथेच बॅगेतून काढला. "फाडून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "तू वाचलायस." आणि त्या भात लावायला आत गेल्या.

इंग्लंडची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मंगळवार आले आणि गेले. एका सकाळी जिन्यातल्या, कचरा खाली सोडायच्या झडपेशी मला त्यांचे अकरा डबे रिकामे, एकावर एक रचलेले दिसले. कागद खाली गेले होते. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच वागत. माझ्या कोपीत साखर किती, ते त्यांना माहीत होतं, ताप आला तर कपाळावर हात ठेवत. फक्त फराळाहून, वाढदिवसाहून परत आल्यावर आज कुणाला कोणती जात सांगितली, ते सांगणं थांबलं. मी विचारलं नाही. माझ्या तोंडाने ते विचारणं शक्य नव्हतं.

मी पुढे दीड वर्षाने नोकरी सोडून परत आले. दोन हजार नऊ साली त्या गेल्या, हे मला त्यांच्या चर्चमधल्या कुणीतरी कळवलं. मी निरोप घेतला तेव्हाची आठवण नाही, पण त्याच्या आधीच्या दिवाळीची आहे.

फराळ बीपीवाल्या वहिनींच्या काँडोत, म्हणजे उंची सोसायटीत होता, तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत. बाहेर पोहण्याचा तलाव, आत पणत्या. पोरं आपसांत इंग्रजीत ओरडत होती. वहिनींची मावशी दादरहून आलेली होती, गुडघे दुखत होते. सिस्टरनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला. मावशींना बरं वाटलं. मग त्यांनी चकली मोडत विचारलं, "किती छान मराठी बोलता हो. तुम्ही मूळच्या कोण?"

आजूबाजूच्या दोघी-तिघी कान देऊन थांबल्या. मी मावशींचं तोंड बघितलं आणि मनात म्हटलं, ह्यांना त्या सीकेपी सांगणार. खूप दिवसांनी मला हसू येऊ लागलं होतं.

सिस्टरनी मावशींकडे बघितलंच नाही. हातातली बशी खाली ठेवली.

"हिला विचारा," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "हिला माहीत आहे."

सगळ्या वळल्या. इतकी माणसं एकदम माझ्याकडे कधी वळली नव्हती, माझ्या वडिलांच्या सभेतही नाही.

"मला काही माहीत नाही," मी म्हणाले.

"असं कसं? त्या म्हणतायत ना."

"मला माहीत नाही."

मावशी हसल्या आणि विषय बदलला. निघताना वहिनी कोपऱ्यात माझ्यासाठी डब्यात चिवडा भरत होत्या. हळूच म्हणाल्या, "सांग ना गं. आपल्यातच राहील."

ते 'आपल्यात' कुणाकुणाला धरून होतं ते मला कळलं. जे आडनाव मी लावत नव्हते ते त्या एका शब्दात धरलेलं होतं.

"वहिनी, सांगण्यासारखं काही नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे सांगण्यासारखी नाही." आणि त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. जात वरची असती तर मी लपवली नसती. त्या खोलीत गप्प बसायला एकच कारण असू शकत होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या महिन्यांत सिस्टरना बीपी बघायला बोलावणं कमी होत गेलं. कुणी वाईट बोललं नाही. पॉलिक्लिनिक जवळ पडतं, एवढंच म्हणाले.

त्या रात्री फराळाहून निघाल्यावर बसस्टॉपवर आम्ही दोघी उभ्या होतो. डबा सिस्टरच्या हातात होता.

"सांगितलंस?"

"नाही. गप्प बसले."

"मग कळलं त्यांना." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

मी म्हणाले, "सिस्टर, त्या कागदावर अजून एक गोष्ट आहे. तुमच्या आजोबांची. ती तुम्हाला कळायला हवी. ती चांगली आहे."

त्या रस्त्याकडे बघत होत्या. मला वाटलं, विचारतील.

"त्याच कागदावर आहे ना?"

"हो."

"मग नको."

बस आली. चालकाच्या छातीवर नावाची पट्टी होती, नाव मोठ्या अक्षरांत. सिस्टरनी कार्ड टेकवलं आणि न थांबता आत जाऊन बसल्या.